अंथरलेली जमीन

लातुरात किंवा नांदेडात घर बघायला गेलेला माणूस दारात चपला काढता काढताच विचारतो, "नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" फरशीकडे त्याचं लक्ष त्यानंतर जातं. घर बांधणारेही हे दोन विषय वेगळे ठेवतात. पाण्याचं प्लंबरशी बोलायचं आणि फरशीचं दुकानदाराशी. लॅमिनेट फ्लोअरिंग घ्यायचं असेल तर ही वाटणी महागात पडते. या जमिनीला पुसायला पाणी अगदी कमी लागतं, पण साचलेलं पाणी तिला अजिबात सोसत नाही. आपल्याकडच्या घरांत पाणी नेमकं दोन्ही तऱ्हांनी वागतं. आठ-आठ दिवस येत नाही, आणि आलं की ड्रम भरून वाहत सुटतं. म्हणून रंग आणि भाव यांच्याआधी आपल्या घरात पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि कुठे सांडतं, हे बघावं लागतं.

दुकानात लाकडासारखं दिसणारं सगळंच "वुडन" असतं. लाकडाची छपाई केलेली टाइल वुडन, प्लास्टिकची पट्टी वुडन आणि लॅमिनेटही वुडनच. लॅमिनेटवर दिसणारा सागाचा किंवा ओकचा रेषा-गाठींचा नमुना म्हणजे कागदावर छापलेला लाकडाचा फोटो असतो. खरं लाकूड त्या फोटोच्या खाली, तंतूंच्या रूपात असतं. यात फसवणूक काही नाही, पण विकत काय घेतोय ते माहीत असलेलं बरं.

आपल्या भागात पायाखाली लाकूड कधी नव्हतंच असंही नाही. वाड्याच्या माडीवर तुळयांवर फळ्या टाकलेल्या असत. किनवट-माहूरच्या जंगलातला साग त्यासाठी नावाजलेला. पण खाली, ढाळजेत आणि ओसरीवर, जमीन मातीचीच. मुरूम टाकायचा, वर पांढरी माती, पाणी शिंपडून धुमसानं चोपायचं आणि शेणानं सारवायचं. ही जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी नवी करावी लागे आणि ते काम बायकांच्या कंबरेवर पडे. सारवलेल्या जमिनीच्या आठवणीनं गहिवरणारे बहुतेक पुरुष असतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

मग शहाबादी आली. नांदेड आणि लातूर दख्खनच्या लाव्ह्याच्या काळ्या दगडावर बसलेत. हा दगड भिंतीला उत्तम, पण त्याचे पातळ पापुद्रे निघत नाहीत. फरशीला थरांचा दगड लागतो. तो काळ्या दगडाची हद्द संपते तिथे, भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीत मिळतो. शहाबाद आज कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे, पण १९५६ पर्यंत मराठवाडा आणि शहाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. रेल्वेच्या रुळांवरून ही करडी-निळसर फरशी गावोगाव पोहोचली आणि दोन-तीन पिढ्यांनी तिच्यावरच जेवणं केली, झोपा काढल्या, परीक्षेचे अभ्यास केले. तिचा एक दोष प्रत्येक घराला माहीत आहे. लिंबू किंवा चिंचेचं पाणी सांडलं की पांढरट डाग पडतो, कारण चुनखडीला आंबट सोसत नाही. बाकी बादलीभर पाणी ओतून खराट्यानं घासली की ती पुन्हा लखलखीत.

बादलीभर पाण्याचा हिशेब लातूरनं एकदा फार जवळून केला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती, म्हणजे त्या पहिल्या गाडीत माणशी जेमतेम सव्वा लिटर पाणी आलं. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या उन्हाळ्यात फरशी धुणं ही श्रीमंती होती. धुण्याचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासात, आणि उरलं तर फरशीला. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना ओला मॉप पिळून दोन-तीन लिटरांत अख्खं घर पुसता येतं हे ऐकून बरं वाटणार. लॅमिनेटच्या बाजूनं बोलायचं तर पहिला मुद्दा हाच. विरुद्ध बाजूचा मुद्दाही त्याच घरात, मोरीच्या शेजारी, भरून ठेवलेल्या निळ्या ड्रमांत उभा असतो.

पोहे आणि कुरुंद

लॅमिनेटची जमीन स्वीडनमध्ये जन्मली. पेरस्टॉर्प नावाची कंपनी ओट्या-टेबलांवर चिकटवायचे लॅमिनेटचे पत्रे करत होती. तेच जमिनीवर का नको, ही कल्पना १९७७ची. १९८०च्या सुमारास 'पेर्गो' या नावानं माल बाजारात आला. सुरुवातीला पट्ट्या एकमेकींना गोंदानं चिकटवाव्या लागत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या व्हॅलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी कडेला अशी खाच काढली की एक पट्टी दुसरीत तिरकी घालून खाली दाबली की खट्कन अडकते. गोंद गेला, आणि दोन कसबी माणसांना एक खोली एका दिवसात उरकता येऊ लागली.

पट्टीचे चार थर असतात. सगळ्यात वर पारदर्शक राळेचा कडक थर, त्याखाली छापील कागद, मग सहा ते बारा मिलिमीटरचा मुख्य गाभा, आणि तळाला पट्टी वाकू नये म्हणून तोल सांभाळणारा आणखी एक कागद. वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले असतात. नाव परकं वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. आपण ज्याला कुरुंद म्हणतो तो हाच पदार्थ. विळ्या-कोयत्यांना धार लावायच्या चाकात असतो तो. कठीणपणात हिऱ्याखालोखाल.

हा थर किती टिकेल ते 'एसी' या खुणेनं सांगतात. दुकानात "हे एसी-फोर आहे" असं ऐकून, आमच्याकडे एसी नाही, कूलरच आहे, असं एका गृहस्थांनी प्रांजळपणे सांगितलं होतं. इथे एसी म्हणजे झीज सोसण्याची प्रत. पट्टीवर खरकागद लावलेली चाकं फिरवतात आणि किती फेऱ्यांनी छपाई झिजू लागते ते मोजतात. एसी-३ला सुमारे दोन हजार फेरे, एसी-४ला चार हजार. झोपायच्या खोलीला एसी-३ पुरतो. ज्या बैठकीत दिवसभर ये-जा आहे, किंवा घराचीच शिकवणी झालेली आहे, तिथे एसी-४. लातुरात ही दुसरी शक्यता गृहीतच धरावी. त्याहून वरच्या प्रतीचे पैसे घरासाठी मोजण्यात अर्थ नाही.

दुकानदार वरच्या थराबद्दल भरभरून बोलतो. गाभ्याबद्दल आपणच विचारायचं, कारण जमीन खराब होते ती गाभ्यातून. या गाभ्याला एचडीएफ म्हणतात. लाकडाचे तंतू वेगळे करून, राळ मिसळून, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत त्यांचा पत्रा केलेला असतो. आता पोहे आठवा. भिजवून भाजलेला भात कुटून चपटा केला की पोहे होतात. चमचाभर पाणी शिंपडलं की ते फुगतात, आणि नंतर कितीही उन्हात वाळवले तरी पुन्हा चपटे होत नाहीत. एचडीएफचं अगदी तसंच. दाबलेले तंतू पाणी लागताच आपल्या मूळ जाडीकडे परत निघतात. पाणी वाळतं, फुगवटा राहतो. सांध्याच्या दोन्ही कडा ओठांसारख्या वर येतात आणि वरचा कुरुंद तिथे काहीही करू शकत नाही.

चांगल्या आणि वाईट मालात फरक पडतो तो ही फुगवट किती आणि किती वेळानं येते यात. दुकानातून नमुन्याचा तुकडा मागून आणा, कॅलिपरनं जाडी मोजा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मोजा. आठ मिलिमीटरचा तुकडा दीड मिलिमीटरच्या आत फुगला तर ठीक. दोनच्या वर गेला तर त्या नमुन्याचा रंग कितीही आवडलेला असो, सोडून द्या. दोन दुकानांतले तुकडे एकाच भांड्यात टाकले तर तुलना आणखी सोपी. खोक्यावर फॉर्मॅल्डिहाइडची 'ई-१' ही खूण आहे का तेही पाहा. राळेतून निघणारा हा वायू बंद खोलीत डोळ्यांना झोंबतो, आणि उन्हाळ्यात दुपारभर बंद ठेवलेल्या आपल्या खोल्या म्हणजे त्याला मोकळं रान.

कडांना बारीक उतार दिलेल्या, म्हणजे सांध्यावर खाच दिसणाऱ्या पट्ट्या दिसायला जास्त खऱ्या वाटतात. पण त्या खाचांत मराठवाड्याची धूळ बसते आणि केरसुणीनं निघत नाही. मी सपाट कडांच्या बाजूचा आहे.

कोणत्या खोलीत

मे महिन्याच्या दुपारी नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. जेवण झालं की घरातला अर्धा माणूसपसारा चटईसुद्धा न घेता फरशीवर आडवा होतो. हे सुख लॅमिनेट देत नाही. दगड पायातली उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून गार लागतो. लाकडाचे तंतू, खालचा फोम आणि त्यांत अडकलेली हवा ती ओढत नाहीत. खोली तीच, तापमान तेच, पण लॅमिनेट "कोमट" लागतं. हाच गुण डिसेंबरातल्या लातूरच्या पहाटे उपयोगी पडतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला शहाबादीवर पाय टेकवत नाही, लॅमिनेटवर टेकवतो. वरच्या मजल्यावर, छत तापून जमीन स्वतःच ३६-३७ अंशांवर गेलेली असेल, तर गंमत उलटी होते. तिथे दगड गरम लागतो आणि लॅमिनेट सुसह्य वाटतं. म्हणून मी खालच्या बैठकीत दगड किंवा टाइल राहू द्यावी आणि वरच्या झोपायच्या खोल्यांत लॅमिनेट घालावं या मताचा आहे. अख्ख्या घरात एकच जमीन असावी हा हट्ट फ्लॅटच्या जाहिरातींनी लावलाय.

वरच्या मजल्याचा आणखी एक हिशेब आहे आणि तो या भागात जरा वेगळ्या मनानं केला जातो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या आसपास किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माळवदाची फूट-दीड फूट माती माणसांवर कोसळली. डोक्यावरचं वजन मारतं, हे लातूर-धाराशिवच्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आता जुन्या स्लॅबवर नवी टाइल बसवायची तर खाली पाच सेंटिमीटर माल पडतो. चौरस मीटरला तो शंभर किलोच्या घरात जातो, वर टाइलचे वीस. आठ मिलिमीटरचं लॅमिनेट फोमसकट सात किलो. दहा बाय बाराच्या खोलीत हा फरक सव्वा टनाचा होतो. नीट बांधलेल्या आरसीसी घराला तो झेपेल किंवा नाही, ते इंजिनिअरला विचारावं. पण जुन्या घराच्या माडीवर मी विनाकारण टनभर माल चढवणार नाही.

नको त्या खोल्यांची यादी लहान आहे. मोरी, संडास, धुण्याची जागा हे उघडच. स्वयंपाकघरही नको, कारण आपल्या ओट्याखाली रोज पाणी सांडतं आणि तेलाचा थर गरम पाण्यानं धुवावा लागतो. पाणी साठवायचे ड्रम जिथे असतील ती जागा नको. नांदेडात गोदावरीच्या काठच्या सखल वस्त्यांत, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की ज्यांच्या अंगणात पाणी येतं, त्यांनी तळमजल्यावर हा विषयच काढू नये.

कूलरचं मात्र कोणी सांगत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की धुतलेला पंचा पंधरा मिनिटांत कडक होतो. त्याच वेळी खिडकीत बसवलेला कूलर खोलीत ओलसर हवा ढकलत असतो आणि त्याची ट्रे खिडकीच्या कट्ट्यावरून थेंब थेंब खाली सोडत असते. घराबाहेर वैशाख, खोलीत श्रावण. वर्षात एकदा फुगायची ती जमीन रोज दुपारी फुगते आणि रात्री आकसते. कूलर बाहेरच्या लोखंडी स्टँडवर ठेवा, तोंड तेवढं खिडकीत. खालच्या दोन फूट जागेत लॅमिनेटऐवजी टाइलचा पट्टा सोडला तर आणखी बरं. खोलीत एका बाजूला टाइलचा पट्टा ही काही वाईट शोभा नाही.

हे सगळं ऐकून दुकानदार एसपीसी पुढे करतो. दिसायला तशीच पट्टी, पण गाभा दगडाच्या भुकटीचा आणि प्लास्टिकचा. पाण्यानं फुगत नाही, वाळवी लागत नाही. भुकटी कसली, तर चुनखडीची. म्हणजे फिरून शहाबादच्याच भाऊबंदांकडे आलो! तळमजल्याला आणि ओलसर खोलीला ती खरोखर सरस आहे. तिचा शत्रू पाणी नसून ऊन. पश्चिमेच्या गॅलरीच्या काचेतून तीन-चार तास थेट ऊन पडत असेल तर तापून पसरते आणि सांधे वर उचलते. अशा खोलीला जाड पडदा तरी हवा, नाहीतर दुसरी जमीन.

खालची ओल

मराठवाड्यात घर बांधणारा प्रत्येक जण काळ्या मातीशी भांडतो. ती पावसात फुगते, उन्हात हातभर भेगा टाकून आकसते. पाया काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत नेला तरी जोत्याच्या आत भराव करताना तीच माती टाकली गेलेली असते, कारण खोदताना निघालेली ती तिथेच पडलेली असते. अशा घरात कोबा कुठे खचतो, कुठे वर येतो आणि खालून ओल चढते. टाइलवर ओल दिसत नाही, सांध्यांतून हळूहळू उडून जाते. लॅमिनेट घातलं की तिची वाट बंद होते आणि ती गाभ्यात शिरते.

ओल तपासायची रीत सोपी. जमिनीवर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक पसरा, चारही कडा टेपनं घट्ट चिकटवा, दोन दिवस राहू द्या. उचलल्यावर खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर ओल आहे. ही परीक्षा भादव्यात करायची. एप्रिलमध्ये मराठवाड्यातली प्रत्येक जमीन पास होते, आणि लग्नसराईच्या तोंडावर घाईनं बसवलेलं फ्लोअरिंग पोळ्यापर्यंत ओठ काढून बसतं. डाग दिसला तर आधी ओल कुठून येते ते शोधा. बऱ्याचदा ती मातीतून नव्हे, शेजारच्या मोरीच्या फुटक्या सांध्यातून येत असते.

वाळवीचंही याच वेळी बघून घ्यावं. एचडीएफ म्हणजे शेवटी लाकूडच. भिंतीच्या कडेनं मातीची बारीक नळी चढताना दिसली असेल तर जमिनीला औषध मारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बसवताना

'फरशी' हा शब्द 'फर्श'वरून आला. फर्श म्हणजे अंथरलेली वस्तू, बिछायत. निजामाच्या राज्यात बिछायती घालणाऱ्याला फर्राश म्हणत. आपण पुढे शहाबादीचा दगड चुन्यात-सिमेंटात पक्का बसवला आणि शब्दाचा अर्थ विसरलो. लॅमिनेट मात्र खरोखर अंथरतात. ते जमिनीला चिकटवत नाहीत, ठोकत नाहीत. सगळ्या पट्ट्या एकमेकींना धरून एक मोठी सतरंजी होते आणि फोमवर मोकळी पडून राहते. ती मोकळीच राहिली पाहिजे, आणि गवंड्याचे हात मुरलेले मिस्त्री नेमके इथेच चुकतात. त्यांचं कसब फट न ठेवण्यात असतं.

फट हवी. पावसाळ्यात पट्ट्या पसरतात, मीटरला साधारण एक-दीड मिलिमीटर. बारा फुटांत म्हणजे चार-पाच मिलिमीटर. भिंतीला घट्ट टेकवून बसवलं तर सतरंजीला जायला जागा नाही, मग ती मध्यातून तंबूसारखी उठते. म्हणून चारही भिंतींशी आठ ते बारा मिलिमीटर जागा सोडायची. दाराच्या चौकटीशी, खांबाशी, जमिनीतून आलेल्या पाइपाशीसुद्धा. "मालक, फट दिसंल ना वाईट," असं मिस्त्री म्हणेल. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. फक्त स्कर्टिंगचा खिळा भिंतीत मारायचा, जमिनीत नाही. दाराचा स्टॉपरही जमिनीत स्क्रूनं बसवू नये. एका ठिकाणी खिळलं की बाकीची सतरंजी त्या खिळ्याभोवती ओढत राहते. भिंतीत पक्की केलेली मोठी कपाटं आधी बसवून घ्यावीत आणि त्यांच्या पायाशी फट सोडून जमीन संपवावी. लोखंडी कपाट वर ठेवायला हरकत नाही, पण समोरासमोरच्या दोन भिंतींशी दोन भरलेली कपाटं ठेवली तर तुम्ही सतरंजीची दोन्ही टोकं दाबलीत.

महिना कोणता, हे कोणी विचारत नाही. मेमध्ये पट्ट्या सगळ्यात आकसलेल्या असतात, तेव्हा बसवल्या तर पुढच्या चार महिन्यांत सगळं पसरणं एकाच बाजूला होतं. ऑगस्टमध्ये बसवल्या तर मेमध्ये सांधे उघडतात. दसरा-दिवाळीचा मधला काळ किंवा माघ-फाल्गुन, हे दोन हंगाम बरे. खोकी दुकानातून आणली की त्याच खोलीत, न फोडता, आडवी, किमान दोन दिवस राहू द्यावीत. पट्ट्यांना खोलीची हवा लागू द्यायची असते.

जमीन सपाट असावी लागते, चकचकीत नव्हे. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवून पाहा. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसली तर तिथे भरणी करा. जुनी शहाबादी बहुतेकदा यात नापास होते. तिचे कोपरे वरखाली असतात. तिच्यावर लेव्हलिंगचा माल घालून मगच पुढे जायचं. चांगली बसलेली व्हिट्रिफाइड टाइल मात्र उखडायची गरज नाही, ढोल वाजणारी सैल टाइल तेवढी काढून भरून घ्यावी. उंच भाग राहिला की पट्टी पावलागणिक खाली-वर होते, खाच झिजते आणि वर्षभरात करकर सुरू होते.

दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. कापण्यात आठ-दहा टक्के जातं, म्हणजे १३० धरा. नेहमीच्या आठ मिलिमीटरच्या पट्ट्या १२१५ बाय १९५ मिलिमीटरच्या येतात. आठ पट्ट्यांचं खोकं साधारण २०.४ चौरस फुटांचं. हिशेब साडेसहा खोक्यांच्या जरा अलीकडे थांबतो, म्हणून सात घ्यायची. सातही खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे का ते दुकानातच पाहा, आणि बसवताना तीन-चार खोकी एकदम फोडून पट्ट्या मिसळून लावा. नाहीतर खोलीच्या एका कोपऱ्यात एकच गाठ पुन्हा पुन्हा दिसते आणि एकदा दिसली की डोळा तिथेच जातो.

आधी ०.२ मिलिमीटरचा प्लास्टिकचा कागद, एकावर एक वीतभर चढवून, टेप लावून, भिंतीवर थोडा वर वळवून. त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम, कडा एकमेकींना भिडवून, चढवून नाही. मग पट्ट्या. त्यांची दिशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाला समांतर ठेवली तर सांधे कमी दिसतात. सुरुवात करण्यापूर्वी खोलीची रुंदी पट्टीच्या रुंदीनं भागून शेवटची ओळ किती उरते ते पाहा. पाच सेंटिमीटरपेक्षा बारीक उरत असेल तर पहिली ओळच कापून अरुंद करायची. आपल्या भिंती गुण्यात नसतात. जुन्या घरांत तर दहा फुटांत इंच-दीड इंचाचा तिरकेपणा सहज निघतो. पहिल्या ओळीनं भिंतीचा तिरकेपणा मानला तर सगळी खोली तिरकी जाते, म्हणून भिंतीवर न विसंबता दोरी सरळ ताणायची आणि तिरकेपणा पहिल्या ओळीच्या भिंतीकडच्या कडेत कापून टाकायचा. शेजारशेजारच्या ओळींतले आडवे सांधे एकमेकांपासून किमान फूटभर लांब ठेवा. पट्टी अडकवताना हातोडी थेट कडेवर नको, मध्ये ठोकळा धरायचा. कड दुखावली की ती खाच पुन्हा कधी धरत नाही. दहा-बारा मीटरपेक्षा लांब खोलीत किंवा एका खोलीतून दुसरीत जाताना उंबऱ्यावर जोडपट्टी टाकून सतरंजी तोडायची.

आणि दार. आठची पट्टी आणि दोनचा फोम मिळून जमीन एक सेंटिमीटरनं वर येते. काम संपल्यावर दार अर्ध्यात अडकतं आणि सुतार शोधायची धावपळ सुरू होते. दार आदल्या दिवशीच उतरवून बुडाशी रंधून घ्या.

बसल्यानंतर बारीक वाळू हीच मोठी वैरीण. दारात जाड पायपुसणं ठेवा, टेबल-खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे चिकटवा. दिवाण ओढायचा नाही, दोघांनी उचलायचा. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत समई, कलश आणि केळीच्या खांबांच्या पाण्यात ठेवलेल्या बुडख्यांखाली परातीच असू द्या. सांडलेलं पाणी अर्ध्या तासात टिपलं तर काही होत नाही, रात्रभर राहिलं तर पोहे.

सात खोक्यांतल्या चार-पाच पट्ट्या उरतील. त्या मिस्त्रीला देऊ नका. मागच्या बाजूला बॉलपेननं खोलीचं नाव, बसवल्याची तारीख आणि बॅच नंबर लिहा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पोटमाळ्यावर आडव्या ठेवा. उभ्या ठेवल्या तर वाकतात. पुढे कधी खिडकीखालची एखादी पट्टी फुगली तर जवळच्या भिंतीचं स्कर्टिंग काढून, तिथून ओळी एकेक करून सोडवत यायचं. प्रत्येक पट्टीवर खडूनं आकडा घालायचा, खराब पट्टी बदलायची आणि त्याच आकड्यांनी परत भिंतीपर्यंत जायचं. एका दुपारचं काम आहे. त्याआधी कूलरची ट्रे तेवढी बदलून घ्या.